तहाबाहेर राहिलेली माणसं

भूमध्य समुद्रातल्या कैद्यांवर मी पहिला लेख लिहिला, तेव्हा त्यात एक आकडा बेधडक दिला होता. 1530 ते 1780 या अडीचशे वर्षांत अल्जियर्स, ट्यूनिस आणि त्रिपोलीच्या चाच्यांनी साडेबारा लाख युरोपीय माणसं पकडून गुलाम केली, असं ते वाक्य होतं. आकडा रॉबर्ट डेव्हिस या अमेरिकी इतिहासकाराचा. त्याने दहा ते साडेबारा लाख असा अंदाज मांडला होता. मी त्यातलं वरचं टोक उचललं आणि अंदाज हा शब्द गाळला. कोणत्याही एका वेळी तिथे सुमारे 35,000 कैदी असतील असं धरायचं, मृत्यू, सुटका आणि धर्मांतर यांमुळे दर वर्षी किती जागा रिकाम्या होत असतील याचा हिशेब करायचा आणि त्यावरून एकूण बेरीज काढायची, अशी ती पद्धत होती. अनेक अभ्यासकांनी तिच्यावर आक्षेप घेतले आहेत. मी ते वाचले नव्हते. वाचायची गरजही वाटली नव्हती, कारण मोठा आकडा लेखाच्या सुरुवातीला उठून दिसत होता.

हा आकडा मी पुढच्या एका लेखात दुरुस्त केला. पण त्याच्यामागची समजूत दुरुस्त व्हायला फार काळ लागला. त्या समुद्राच्या एकाच काठावर माणसं पकडली जात होती, दुसऱ्या काठावरचे लोक फक्त पैसे भरून त्यांना सोडवत होते आणि शेवटी तह होऊन हा प्रकार थांबला, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. कॉलेजात इतिहास शिकवताना, व्याख्यानमालांतून बोलताना आणि लिहितानाही मी हेच चित्र लोकांपुढे ठेवलं. ते चुकीचं होतं.

या विषयाकडे मी आलो कान्होजी आंग्र्यांच्या वाटेने. 1712 साली आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं जहाज आणि त्याच्या सोबतचं एक गलबत पकडलं. त्यावर कॅथरीन नावाची एक तरुण इंग्रज बाई होती, तिचा नवरा चकमकीत मारला गेला. पुढच्या वर्षी 30,000 रुपये भरल्यावर ती सुटली आणि त्याच सुमारास आंग्रे आणि इंग्रज यांच्यात समेटही झाला. हे वाचल्यावर मला वाटलं, असंच तर अल्जियर्सलाही होत होतं. मी एक तुलनात्मक लेख लिहून टाकला. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे कैदी, दोन्हीकडे पैसे आणि तह. साम्य एवढं भरभरून दिसत होतं की फरक शोधायचं सुचलंच नाही.

फरक मोठा होता. आंग्र्यांचं भांडण समुद्रावर दस्तक कुणाचं चालणार याचं होतं, आणि त्यांच्या हाती लागलेले इंग्रज त्या भांडणातले ओलीस होते. भूमध्य समुद्रात मात्र माणूस पकडणं आणि सोडवणं यावर दोन्ही काठांवर संस्थाच्या संस्था उभ्या होत्या. कैदी सोडवण्यासाठी ट्रिनिटेरियन पंथ 1198 मध्ये आणि मर्सिडेरियन पंथ 1218 मध्ये स्थापन झाला. नेपल्समध्ये 1548 साली याच कामासाठी एक धर्मसंस्था निघाली. व्हेनिसने 1586 मध्ये हे काम इस्पितळं आणि धर्मादाय संस्था पाहणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांकडे सोपवलं. हॅम्बुर्गने 1624 मध्ये खलाशांच्या पगारातून वर्गणी कापून कैदनिधी उभारला, म्हणजे घरून निघतानाच खलाशी स्वतःच्या सुटकेचे पैसे भरत होता. ज्यू समाजात कैदी सोडवणं हे पवित्र कर्तव्य मानलं जाई, आणि व्हेनिसच्या ज्यूंनी त्यासाठी स्वतंत्र मंडळी ठेवली होती. मध्ये दलाल होते, व्याजाने पैसे देणारे व्यापारी होते, सुटकेच्या रकमेवर घेतला जाणारा कर होता, बंदरातून बाहेर पडायची फी होती. ही सगळी घडण वगळून मी आंग्रे आणि अल्जियर्स शेजारी शेजारी बसवले, त्यात दोघांवरही अन्याय झाला.

खरा धागा होता तो मात्र हातून निसटला. 23 जून 1661 च्या विवाहतहाने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! त्याच तहात टॅन्जियरही दिलं होतं, हे मात्र कधी सांगितलं नाही. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं हे बंदर इंग्रजांनी बावीस-तेवीस वर्षं सांभाळलं. तिथल्या शिबंदीतले सैनिक मोरोक्कोच्या कैदेत पडत, त्यांच्या सुटकेच्या वाटाघाटी चालत. 1684 मध्ये इंग्रजांनी स्वतःच बांधलेला धक्का सुरुंगाने उडवून ते शहर सोडलं. मुंबईचा इतिहास आणि भूमध्य समुद्रातल्या कैद्यांचा इतिहास एकाच कागदावर होते, आणि मी त्यातला अर्धाच कागद वाचत होतो.

तहांबद्दलची माझी चूक याहून गंभीर होती. तह झाला म्हणजे कैदी सुटले असणार, हे मी गृहीत धरलं होतं. इंग्लंड आणि अल्जियर्स यांच्यातला 1682 चा तह मी एका लेखात इंग्रज खलाशांची मुक्तता म्हणून वर्णन केला. बऱ्याच काळाने त्याची कलमं एकेक करून वाचली. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की या तहामुळे इंग्लंडच्या राजावर सध्या गुलामीत असलेल्या प्रजाजनांना सोडवण्याचं बंधन येत नाही. सोडवायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. म्हणजे ज्या दिवशी दोन्ही बाजूंनी तहावर शिक्के मारले, त्या दिवशीही अल्जियर्समधले इंग्रज कैदी कैदीच राहिले. तहाने पुढे जाणारी जहाजं वाचवली. आधी पकडले गेलेले खलाशी चर्चमधल्या वर्गण्यांवर, बायकांच्या अर्जांवर आणि नातेवाइकांनी विकलेल्या चीजवस्तूंवर सोपवले. मी मूळ कलमं न वाचता कुणाच्या तरी सारांशावर विसंबलो होतो. इतिहासाच्या शिक्षकाला याला सबब नाही.

शिवाय तहाने जहाजं वाचवली म्हणजे नेमकं काय केलं? तह झालेल्या देशाच्या जहाजाला परवाना मिळे. इंग्रजी परवान्याची वरची कड नागमोडी कापलेली असे आणि कापलेला वरचा तुकडा अल्जियर्सकडे पाठवलेला असे. समुद्रात जहाज अडवलं की अल्जियर्सचा माणूस आपल्याकडचा तुकडा त्या परवान्याला लावून पाही. कडा जुळल्या की जहाज सुटलं. न जुळल्या तर जहाज, माल आणि माणसं, सगळं गेलं. एका कापलेल्या कडेवर खलाशाचं पुढचं सगळं आयुष्य ठरत होतं.

आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याचं काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. अल्जियर्सचं आरमार शिकारीवर चाले. सगळ्यांशीच एकदम शांतता केली तर जहाजांनी बंदरातच कुजायचं. त्यामुळे एका देशाशी तह झाला की जहाजांचा रोख दुसऱ्या देशाकडे वळे. सगळ्यात स्पष्ट उदाहरण 1793 चं. पोर्तुगालचं आरमार जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर पहारा देत होतं, म्हणून अल्जियर्सची जहाजं अटलांटिक महासागरात उतरू शकत नव्हती. त्या वर्षी ब्रिटिश कॉन्सल चार्ल्स लोगी याच्या मध्यस्थीने पोर्तुगाल आणि अल्जियर्स यांच्यात वर्षभराची युद्धबंदी झाली. पहारा उठला. थोड्याच आठवड्यांत अमेरिकेची अकरा जहाजं पकडली गेली आणि शंभराहून जास्त अमेरिकी खलाशी अल्जियर्सच्या कोठड्यांत गेले. लिस्बनमध्ये ज्याला शांतता म्हणत होते, त्याच कागदाने या माणसांना गुलाम केलं.

आता त्या चुकीकडे येतो, जिच्याविषयी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत मी बेर्नार्दो दे मोनरॉय या स्पॅनिश पाद्र्याची गोष्ट सांगितली. 1609 साली तो आणि त्याचे दोन साथीदार कैद्यांना सोडवण्यासाठी पैसे घेऊन अल्जियर्सला गेले. शंभराहून अधिक कैदी त्यांनी सोडवले. परतायच्या वेळी अल्जियर्सच्या अधिकाऱ्यांनी त्यांनाच अडकवलं आणि सुटलेल्या कैद्यांनाही पुन्हा कैदेत टाकलं. तिन्ही पाद्री अल्जियर्समध्येच वारले. मोनरॉय सर्वांत शेवटी, 1622 मध्ये. स्वतः कैदेत असतानाही तो इतर कैद्यांची सेवा करत होता. सभागृह स्तब्ध झालं होतं. दिलेला शब्द मोडणारं सरकार आणि शब्दासाठी मरणारे पाद्री, अशा शब्दांत मी शेवट केला. मध्येच एका मुलीवरून काहीतरी वाद झाला होता, एवढाच उल्लेख ओघात केला होता.

व्याख्यानानंतर एक वयस्कर बाई पुढे आल्या. नऊवारी नेसलेल्या, बहुधा निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "सर, त्या मुलीचं पुढं काय झालं?" मला सांगता आलं नाही. तिचं नावसुद्धा माझ्या टिपणात नव्हतं.

तिचं नाव फातिमा. अल्जियर्सच्या जानिसारी फौजेतल्या एका अधिकाऱ्याची ती लहान मुलगी. 1608 साली ती ख्रिस्ती जहाजांच्या हाती लागली आणि तिला लिव्होर्नोला नेण्यात आलं. बापाने तिच्या सुटकेचा सौदा केला आणि ती घरी यायला निघाली. वाटेत कॉर्सिकातल्या काल्वी बंदरात जहाज थांबलं. तिथे तिला बाप्तिस्मा देऊन तिचं नाव मादालेना ठेवलं. आता ती ख्रिस्ती झाली, म्हणून तिला मुसलमान बापाकडे परत पाठवता येणार नाही, असा निर्णय झाला. अल्जियर्समध्ये बाप वाट पाहत होता. मुलगी आली नाही, म्हणून त्याच्या दडपणाखाली अल्जियर्सने त्या पाद्र्यांना धरलं. मुलगी द्या आणि पाद्री न्या, ही मागणी होती.

शब्द मोडला होता, यात शंका नाही. पण आधी तो काल्वीत मोडला. दोन्ही बाजूंचे सौदे एकमेकांत कसे अडकलेले होते, हे या प्रकरणात दिसतं तसं क्वचितच कुठे दिसत असेल. एका काठावर एका पोरीला थांबवून ठेवलं, तर दुसऱ्या काठावर शंभर माणसांची सुटका रद्द होऊ शकत होती. स्पेनचा राजा, कॉर्सिकावर सत्ता असलेलं जेनोआ, पोप, अल्जियर्सचा पाशा, सगळ्यांपर्यंत हे प्रकरण वर्षानुवर्षं फिरत राहिलं. आणि मी ती मुलगीच वगळून गोष्ट सांगितली, कारण मी वाचलेली साधनं पाद्र्यांच्या पंथाने लिहिलेली होती. त्यात मोनरॉय हुतात्मा होता आणि फातिमा एक अडचण होती. मी त्या साधनांवर विश्वास टाकला, एवढंच नाही, तर त्यांची नजरसुद्धा उसनी घेतली. मला स्वतःला मुली आहेत. तरीही मला त्या बापाचं दुःख दिसलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे आजही समाधानकारक नाही.

त्या बाईंच्या प्रश्नानंतर मी उत्तरेच्या काठाकडे पाहायला लागलो, आणि पाहू तिकडे मुसलमान कैदी होते. माल्टाच्या व्हॅलेटा शहरात सेंट जॉनच्या सरदारांनी बांधलेला गुलामांचा तुरुंग होता. पिसाच्या सेंट स्टीफन संघटनेच्या गॅलींवर पकडून आणलेले मुसलमान वल्ही मारत. लिव्होर्नोच्या बंदरात ग्रँड ड्यूक फर्डिनांडच्या पुतळ्याच्या पायाशी साखळदंडात जखडलेले चार मूर आजही दिसतात. ब्राँझचे ते चार पुतळे पिएत्रो ताक्काने केले, आणि त्यांचं शिल्पकौशल्य वाखाणणारा एक परिच्छेद मी पूर्वी लिहिलेला होता. ते कोण होते, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. फ्रान्सच्या मार्सेयमधल्या शाही गॅलींना वल्हेकरी लागत, म्हणून भूमध्य समुद्राच्या बाजारांतून मुसलमान गुलाम विकत आणले जात. तहात त्यांना परत करायचं ठरलं, तरी धडधाकट माणसं सोडायला फ्रेंच आरमार टाळाटाळ करी. आजारी आणि म्हातारे मात्र लवकर सोडले जात. 1682 आणि 1683 मध्ये फ्रान्सने अल्जियर्सवर तोफा डागल्या, आणि अल्जियर्सने फ्रेंच कॉन्सल जाँ ल वाशे या वृद्ध पाद्र्याला तोफेच्या तोंडी दिलं. त्याचं मरण मी पूर्वी दोनदा लिहिलं होतं. फ्रेंच गॅलींवरच्या अल्जेरियनांचा उल्लेख दोन्ही वेळा नव्हता.

मोरोक्कोच्या राजदूतांची प्रवासवर्णनं मी फार उशिरा वाचली. 1689 मध्ये सुलतान मौलाय इस्माईलने स्पेनकडून लाराश जिंकलं आणि तिथली स्पॅनिश शिबंदी कैद केली. पुढच्या वर्षी त्याचा वकील अल्-गस्सानी माद्रिदला गेला. त्या शिबंदीच्या सुटकेसाठी त्याने पैसे मागितले नाहीत. स्पेनमधले मुसलमान कैदी आणि अरबी हस्तलिखितं मागितली. 1612 मध्ये स्पॅनिश जहाजांनी मोरोक्कोच्या सुलतान मौलाय झैदानचं अख्खं ग्रंथालय समुद्रात पकडलं होतं आणि ते स्पेनमधल्या एस्कोरियालच्या मठात ठेवलं होतं. पुस्तकं मिळाली नाहीत. त्यांच्या बदल्यात आणखी कैदी सोडून घेण्यात आले. 1780 च्या दशकात मुहम्मद इब्न उस्मान अल्-मिक्नासी हा मोरोक्कोचा दूत माल्टा आणि नेपल्सला मुसलमान कैदी सोडवायला गेला होता. नेपल्सच्या धर्मसंस्थेचे लोक आणि तो, दोघंही एकच काम करत होते. ख्रिस्ती बाजूच्या पाद्र्यांची नावं मला मुखोद्गत होती. त्याचं नाव मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम ऐकलं.

स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसबद्दलही एक दुरुस्ती करायची आहे. 26 सप्टेंबर 1575 ला तो अल्जियर्सच्या चाच्यांच्या हाती सापडला, चार वेळा पळायचा प्रयत्न फसला, आणि 19 सप्टेंबर 1580 ला ट्रिनिटेरियन पाद्री हुआन हिल याने 500 सोन्याचे एस्कुदो भरून त्याला सोडवलं. मी हे त्याच्या धैर्याची कथा म्हणून सांगायचो, आणि ती तशी आहेच. पण त्याच्याजवळ स्पेनच्या राजाचा सावत्र भाऊ डॉन हुआन दे ऑस्ट्रिया याचं शिफारसपत्र सापडलं होतं, म्हणून पकडणाऱ्यांनी त्याला बडा माणूस समजून त्याचा भाव चढवला. ज्या पत्राने त्याला स्पेनमध्ये बढती मिळायची, त्याच पत्राने त्याची कैद लांबवली. त्याचा भाऊ रोद्रिगो 1577 मध्येच सुटला, कारण त्याचा भाव कमी होता. ज्यांच्या घरचे पैसे भरू शकले नाहीत त्यांना मी एका ठिकाणी नातेवाइकांनी टाकलेली माणसं म्हटलं होतं. हे वाक्य मी परत घेतो. कोळ्याच्या किंवा खलाशाच्या बायकोने असली रक्कम आणायची कुठून?

शेवटची चूक मी बुद्धीच्या भरात केली. 1785 मध्ये अल्जियर्सने अमेरिकेची मारिया आणि डॉफिन ही दोन जहाजं पकडली, 21 माणसं कैदेत गेली. वाटाघाटीसाठी गेलेल्या जॉन लॅम्बला माणशी 200 डॉलरपर्यंत द्यायची मुभा होती. अल्जियर्सने सगळ्यांचे मिळून 59,496 डॉलर मागितले. पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील असलेल्या थॉमस जेफर्सनचं मत असं की एवढी किंमत एकदा दिली तर अमेरिकी खलाशी हा चाच्यांचा आवडता माल होईल. त्याने ट्रिनिटेरियन पाद्र्यांमार्फत गुप्तपणे बोलणी चालवली, आणि किंमत खाली यावी म्हणून अमेरिकेला या माणसांची पर्वा नाही असा देखावा केला. त्यांच्या जेवणाखाण्यासाठी जाणारे पैसेही थांबवले गेले. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, पाद्र्यांचे पंथ बरखास्त झाले, आणि तो मार्गही बंद पडला.

या धोरणाची मी एका लेखात मुक्त कंठाने स्तुती केली होती. दूरदृष्टी, संयम, राष्ट्रहित असे सगळे शब्द वापरले होते. तर्क बरोबर होता, हे मी आजही म्हणतो. पण तो तर्क अल्जियर्सच्या दगडखाणीत राबणाऱ्या माणसांना कुणी सांगितला नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की देशाने त्यांचं अन्न तोडलं आहे. काही जण प्लेगने मेले. जेम्स कॅथकार्ट हा त्यांच्यातलाच एक तरुण खलाशी तिथेच हिशेब आणि भाषा शिकून शेवटी देईचा, म्हणजे अल्जियर्सच्या शासकाचा, मुख्य ख्रिस्ती चिटणीस झाला, आणि 5 सप्टेंबर 1795 च्या तहाच्या बोलण्यांत मध्यस्थ म्हणून त्यानेच खटपट केली. त्या तहासाठी अमेरिकेने 6,42,500 डॉलर मोजले, शिवाय दर वर्षी सुमारे 21,600 डॉलरचं जहाजी सामान द्यायचं कबूल केलं. उरलेले कैदी 1796 मध्ये सुटले. अकरा वर्षं गेली होती, आणि जी किंमत वाचवायची म्हणून त्यांना उपाशी ठेवलं, तिच्या दहापट किंमत शेवटी द्यावी लागली. माझ्या लेखात जेफर्सनची पत्रं होती. कैद्यांनी आपल्या सरकारला पाठवलेले विनंतीअर्ज त्याच कागदपत्रांत उपलब्ध होते. ते मी उघडले नाहीत.

व्हॅलेटाच्या तुरुंगातले मुसलमान गुलाम नेपोलियनने 1798 मध्ये माल्टा घेतल्यावर सुटले. अल्जियर्समधल्या ख्रिस्ती गुलामीचा शेवट 27 ऑगस्ट 1816 च्या ब्रिटिश आणि डच तोफांच्या भडिमारानंतर झालेल्या तहाने झाला, आणि 1830 मध्ये फ्रान्सने ते शहरच जिंकलं. फ्रान्सने आपल्या आक्रमणाच्या समर्थनात कैद्यांच्या या जुन्या कथा भरपूर वापरल्या. म्हणून त्या एका बाजूने सांगणं ही निरुपद्रवी चूक नाही. मी ती केली, लिहून केली आणि व्यासपीठावरून केली.

त्या व्याख्यानाला आलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर माझी एक विनंती आहे. मोनरॉयची गोष्ट पुढे कुणाला सांगाल, तर फातिमापासून सुरू करा. ती 1608 साली पकडली गेली होती. पाद्री अडकले 1609 मध्ये.